आर्वो पॅर्त यांचे संगीत ऐकण्यास सुरुवात कशी करावी

एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्त (जन्म १९३५) यांच्या रचना कालक्रमाने ऐकू नयेत. ‘श्पीगेल इम श्पीगेल’ ही त्यांची गाजलेली रचनाही आरंभी टाळावी; चित्रपटांतून ती इतकी वापरली गेली आहे की कान तिला पार्श्वसंगीत समजून सोडून देतो.

सुरुवात १९७६ सालच्या ‘फ्यूर अलीना’ या छोट्या पियानोरचनेपासून करावी. खर्जातला ‘बी’ हा सूर आरंभी वाजतो आणि पेडल दाबलेले असल्यामुळे घुमत राहतो. त्यावर उजवा हात धून वाजवतो, तर डावा हात तिच्या प्रत्येक सुराला बी मायनरच्या त्रिस्वरातील (बी, डी आणि एफ शार्प या तीन सुरांतील) एक सूर जोडतो. आधी फक्त उजव्या हाताकडे, मग फक्त डाव्याकडे आणि त्यानंतर दोन्हींकडे लक्ष द्यावे. ओळी एकेका सुराने लांबत जातात आणि मग तशाच आखडत येतात. डावा हात एकाच ठिकाणी त्रिस्वराबाहेर पडतो. तिथे पॅर्त यांनी स्वरलिपीत एक फूल काढले आहे. ती जागा कानाला सापडेपर्यंत पुढे जाऊ नये, कारण ‘टिनटिनाब्युली’ नावाची त्यांची सारी पद्धत याच दोन हातांच्या नात्यावर उभी आहे.

त्यानंतर इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या स्मरणार्थ १९७७ मध्ये रचलेली ‘कँटस’ घ्यावी. तंतुवाद्यांचे पाच गट ए मायनरची एकच उतरती स्वरमालिका वाजवतात, पण प्रत्येक गट आधीच्या गटाच्या निम्म्या लयीत, म्हणजे सर्वांत वरचा गट सर्वांत खालच्याच्या सोळापट गतीने चालतो. शेवटी वाद्ये थांबल्यावर घंटेचा नाद उरतो आणि त्यात, कोमल गांधाराच्या (म्हणजे मायनर) या रचनेत, शुद्ध गांधार उमटतो. तानपुऱ्यातला स्वयंभू गांधार ओळखणाऱ्या आपल्या श्रोत्याला तो चटकन सापडावा. मात्र त्यासाठी ध्वनिमुद्रण संपण्याआधी बंद करू नये.

आता मागे वळून १९६८ ची ‘क्रेडो’ ऐकावी. जर्मन संगीतकार बाखच्या प्रेल्यूडवर (छोट्या प्रास्ताविक रचनेवर) बारा-स्वरी पद्धतीचा, म्हणजे सप्तकातील बाराही सुरांना समान मानणाऱ्या रचनापद्धतीचा, कल्लोळ आदळणाऱ्या या रचनेत ख्रिस्तावरील श्रद्धेचा उघड उच्चार होता आणि सोव्हिएत राजवटीला तो रुचला नाही. पुढची काही वर्षे पॅर्त यांनी फारच थोडे लिहिले. ग्रेगोरियन गायन (चर्चमधील प्राचीन एकस्वरी गायन) आणि मध्ययुगीन बहुस्वरी संगीत यांच्या अभ्यासात ते बुडाले. ‘क्रेडो’च्या गदारोळानंतर ‘फ्यूर अलीना’ पुन्हा लावली, की त्या अभ्यासाने काय घडवले हे वेगळे सांगावे लागत नाही. १९८० मध्ये त्यांनी देश सोडला. आधी व्हिएन्ना आणि मग बर्लिन येथे ते राहिले.

गायनरचनांकडे सर्वांत शेवटी वळावे. येशूच्या अखेरच्या यातनांची बायबलमधील कथा गाणारी, सुमारे सत्तर मिनिटांची ‘पासिओ’ (१९८२) ऐकताना लॅटिन संहिता आणि तिचा अनुवाद समोर ठेवावा, कारण तिथे शब्दातील अक्षरांची संख्या आणि वाक्यातील विरामचिन्हेच धून व स्वरांची लांबी ठरवतात.