पेठेत राहावे की कॉलनीत? जळगाव-धुळ्यात घर पाहताना रहिवाशांची मते कशी पारखावीत

जळगावात घर शोधायला निघालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच दोन ठाम सल्ले मिळतात आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध असतात. एक जण सांगतो की घर घ्यायचे तर पेठेतच घ्या, स्टेशन, बाजार, दवाखाना सगळे हाताशी आहे. दुसरा तितक्याच कळकळीने सांगतो की पेठेच्या वाटेला जाऊ नका, गाडी लावायला जागा नाही आणि रात्री झोप नाही. दोघेही तिथे राहिलेले असतात आणि दोघेही खरे बोलत असतात. अशा वेळी बहुतेक कुटुंबे ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचे नाते जवळचे त्याचे ऐकतात आणि पुढची वीस वर्षे त्या निर्णयासोबत काढतात. मतांची संख्या मोजून इथे काही हाती लागत नाही. प्रत्येक मत कोणाचे, कोणत्या मजल्यावरचे आणि दिवसाच्या कोणत्या प्रहराचे आहे हे ओळखता आले, तर तीच विरुद्ध मते उपयोगी पडतात. ती ओळख कशी करून घ्यावी, ते पुढे सांगितले आहे.

प्रथम आपण कोणत्या भागाविषयी बोलत आहोत ते नक्की करावे. जळगावात रेल्वे स्टेशनपासून दक्षिणेकडे नवी पेठ, बळीराम पेठ, दाणा बाजार, सुभाष चौक, सराफ बाजार, जोशी पेठ, शनि पेठ अशी दाट वस्ती पसरलेली आहे, आणि फुले मार्केट, गोलाणी मार्केट ही तिची रोजच्या खरेदीची केंद्रे आहेत. लोक या सगळ्याला सरसकट ‘गावात’ म्हणतात. महाबळ, गणेश कॉलनी, पिंप्राळा किंवा महामार्गापलीकडच्या नव्या वसाहतींत राहणारा माणूस आजही ‘गावात जाऊन येतो’ असेच सांगतो. धुळ्यात हीच विभागणी पांझरा नदी करते. नदीच्या अलीकडे आग्रा रोड आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्या, पलीकडे देवपूर. १८१८ नंतर खान्देशचा पहिला कलेक्टर झालेल्या कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची पेठ आखून वसवली, त्यामुळे तिथल्या गल्ल्या जळगावच्या जुन्या भागापेक्षा सरळ आहेत. मात्र त्या बैलगाडीच्या काळातल्या आहेत, ही अडचण दोन्ही शहरांत सारखीच आहे.

‘गावात’ या एका शब्दात दोन अगदी वेगळी घरे येतात, हे इथेच लक्षात ठेवावे. बाजाराच्या रस्त्यावरचे, खाली दुकान आणि वर घर असे एक. आणि त्याच रस्त्याला फुटलेल्या गल्लीत चाळीस-पन्नास पावले आत असलेले दुसरे. पहिल्या घरात हमालांच्या हाका, हॉर्न आणि शटरचा खडखडाट यांतून सुटका नसते, तर दुसऱ्या घरात संध्याकाळी सात वाजताही मुले गल्लीत क्रिकेट खेळताना दिसतात. त्यामुळे कोणी पेठेची निंदा किंवा स्तुती करू लागला की आधी त्याचे घर नेमके कुठे होते ते विचारावे. निम्मा मतभेद तिथेच मिटतो.

कोणाला विचारावे आणि काय विचारावे

किमान चार प्रकारच्या माणसांशी बोलावे: ज्याचे दुकान खाली आणि घर वर आहे असा व्यापारी, भाड्याने राहणारे तरुण कुटुंब, तिथेच म्हातारे झालेले कोणी, आणि पेठ सोडून कॉलनीत गेलेले कोणी. व्यापाऱ्याला गर्दी हवी असते, म्हणून तो गर्दीची तक्रार सहसा करत नाही. सोडून गेलेल्या माणसाला आपला निर्णय बरोबर ठरवायचा असतो, म्हणून तो जुन्या घराचे गुण कमी सांगतो. यात खोटेपणा नाही, पण ऐकताना तेवढी सूट धरावी. घरमालक आणि दलाल यांचे ऐकावे, परंतु ते या चारांत मोजू नयेत.

घरातल्या सगळ्यांशी वेगवेगळे बोलता आले तर फारच उत्तम. सराफ बाजारामागच्या एका गल्लीत ओट्यावर बसलेल्या आजींना मी विचारले होते, ‘‘आजी, इथे त्रास नाही होत?’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्रास कशाचा वं माय? दूध, देऊळ, डॉक्टर, सगळं पायी होतं माझं. तिकडे कॉलनीत लेकीकडे गेले की दिवसभर भिंतीकडे पाहत बसावं लागतं.’’ तेवढ्यात त्यांची सून आली. स्कूटी गल्लीच्या तोंडाशी लावून, दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या आणि खांद्यावर मुलाचे दप्तर घेऊन ती चालत आली होती. तिला तोच प्रश्न विचारला, तर तिने पिशव्या खाली ठेवून फक्त गल्लीच्या तोंडाकडे बोट दाखवले. एकाच उंबरठ्यावरची ही दोन मते आहेत आणि दोन्ही ग्राह्य आहेत. आपल्या घरात आजींसारखा दिवस कोणाचा आणि सुनेसारखा दिवस कोणाचा, हे पाहूनच त्यांचे वजन ठरते.

‘‘इथे राहायला कसे आहे?’’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर माणसाच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर ठरते. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टी विचाराव्यात. काल गाडी कुठे लावली? शेवटचे पाणी कधी आले आणि किती वेळ टिकले? मागच्या वेळी रात्री कोणाला दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा रिक्षा दारापर्यंत आली की चौकापर्यंत उचलून न्यावे लागले? गॅसची टाकी देणारा दारापर्यंत येतो का? अशा प्रश्नांना माणूस मत देत नाही, हकिगत सांगतो, आणि चार हकिगती जुळल्या की आपल्याला खरे चित्र दिसते. रात्रीच्या दवाखान्याचा प्रश्न घरात वृद्ध किंवा लहान मूल असेल तर कधीही गाळू नये. पेठेतून जिल्हा रुग्णालय आणि बहुतेक खासगी दवाखाने जवळ असतात ही मोठी सोय आहे, पण अरुंद बोळात रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाचा बंब शिरत नसेल तर ती सोय चौकातच थांबते.

पाणी, आवाज आणि ऊन

खान्देशात घराची परीक्षा पाण्यापासून सुरू होते. नळाला रोज पाणी येईल असे इथे कोणी गृहीत धरत नाही. म्हणून पाणी किती दिवसांआड येते, कोणत्या वेळी येते, मोटार लावल्याशिवाय पहिल्या मजल्यावर चढते का आणि साठवणीसाठी जमिनीखाली टाकी आहे का, हे विचारावे. जुन्या पेठेतल्या अनेक घरांत खालच्या टाकीला जागाच नसते, आणि भाडेकरू वाढले की एका नळावर तीन कुटुंबांची सकाळ अडकते. नव्या कॉलनीत टाकी मोठी असते, पण जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब कमी पडतो आणि उन्हाळ्यात बोअर आटले की टँकर मागवावा लागतो. याचे सर्वांत विश्वासार्ह उत्तर त्या भागाचा व्हॉल्व्ह फिरवणारा महापालिकेचा कर्मचारी देतो. पाणी येण्याच्या दिवशी त्याला गाठून दोन मिनिटे बोलावे.

आवाजाविषयी लोक सर्वांत जास्त भांडतात आणि सर्वांत कमी तपासतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रहिवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तर व्यापारी क्षेत्रात ती दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. याचा व्यावहारिक अर्थ असा की व्यापारी क्षेत्रात मोडणाऱ्या रस्त्यावर घर घेतले, तर अधिक आवाज तिथे कायद्यानेच मान्य केलेला असतो आणि तक्रारीला तेवढी जागा कमी उरते. ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर बंद ठेवावा लागतो, परंतु वर्षातले काही सणांचे दिवस, जास्तीत जास्त १५, मध्यरात्री १२ पर्यंत सूट देता येते. गणेश विसर्जनाच्या मिरवणुका आणि कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातून निघणारा श्रीराम रथ यांचा मार्ग आपल्या दारावरून जातो का, ते आधी पाहावे. रथोत्सवाची परंपरा १८७२ पासूनची आहे. ज्याच्या दारावरून रथ जातो त्याच्या घरी त्या दिवशी नातेवाईक गोळा होतात, आणि अशा घराला काही कुटुंबे भाग्य मानतात. ज्याच्या घरात दहावीचा विद्यार्थी किंवा आजारी माणूस आहे, त्याने मात्र हा विचार स्वतंत्रपणे करावा.

म्हणून घर एकदा पाहून निर्णय घेऊ नये. सकाळी दूध येण्याच्या वेळी, दुपारी माल उतरतो तेव्हा, संध्याकाळी बाजार भरात असताना आणि रात्री साडेदहाला, अशा चारही वेळी त्या गल्लीत उभे राहावे. रात्रीची फेरी विशेष महत्त्वाची आहे. दुकाने बंद झाल्यावर गल्लीत किती खिडक्यांत दिवे दिसतात ते मोजावे. दिवे असतील तर तिथे शेजार आहे. बहुतेक घरांची गोदामे झालेली असतील, तर दिवसा कितीही वर्दळ असली तरी रात्री ती गल्ली ओस पडते आणि एकट्या बाईला परत येताना ती नकोशी वाटते. पेठेतली चांगली घरे कुटुंबांनी सोडून दिल्यामुळे असे घडते आहे, आणि मला ते फार लागते. पेठ म्हणजे केवळ दुकाने नव्हेत. रात्री ओट्यावर माणसे असतील तरच ती राहण्याजोगी राहते.

ऊन ही इथली कसोटी आहे. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली रात्री दोनपर्यंत निवत नाही. जाड मातीच्या भिंतींचे, लाकडी तुळयांचे जुने धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर दुपारी खरोखर गार असते, आणि जुने रहिवासी हे सांगतात तेव्हा ते केवळ आठवणीत रमलेले नसतात. मात्र त्या धाब्याची डागडुजी पावसाळ्यापूर्वी दरवर्षी करावी लागते. ते काम जाणणारे गवंडी आता कमी राहिले आहेत. मागचा खर्च किती आला ते मालकाला विचारावे, आणि तुळयांना वाळवी आहे का ते टोकदार वस्तू टोचून पाहावे. कॉलनीतल्या घरात हवा आणि झाडे मिळतात, पण पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर दुपारचे ऊन थेट येते. शक्य असल्यास दोन्ही घरे उन्हाळ्यातल्या दुपारी तीन वाजता पाहावीत.

कॉलनीची बाजू

कॉलनीची बाजू मांडणारे लोक मोकळी हवा, गाडीला जागा आणि शांतता यांवर भर देतात, आणि ते रास्त आहे. त्यांनी न सांगितलेल्या दोन गोष्टी आपण विचाराव्यात. पहिली, रोजची ये-जा. शहराच्या मध्यातून जाणारा महामार्ग ओलांडून मुले शाळेला आणि म्हातारी माणसे दवाखान्यात कशी जातात, रात्री नऊनंतर रिक्षा मिळते का, आणि घरात किती दुचाकी लागतात? दुसरी, जमीन. नव्या वसाहती बहुतेक कपाशीच्या काळ्या शिवारात उठलेल्या आहेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया मुरूम लागेपर्यंत खोल नेला नसेल, तर काही वर्षांत भिंतींवर तिरप्या भेगा दिसू लागतात. दारांच्या कोपऱ्यांवर आणि खिडक्यांखाली त्या शोधाव्यात. नवा रंग दिलेला असेल तर शेजारच्या घराच्या भिंती पाहाव्यात. रस्ते व गटारे झाली आहेत का, हे जुलैत चिखल असताना कळते, जानेवारीत नाही.

कागद

विकत घ्यायचे असेल तर मतभेद बाजूला ठेवून कागदांकडे वळावे. पेठेतल्या घरासाठी सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक काढावे. त्यावर अनेकदा अजून आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव असते आणि मागे डझनभर वारस असतात. सगळ्यांच्या सह्या मिळणार नसतील तर घर कितीही आवडले तरी थांबावे. महापालिकेच्या नगररचना विभागात विकास आराखडा पाहून रस्तारुंदीची रेषा घरातून जाते का ते लेखी विचारावे, कारण ती जात असेल तर पुढची खोली उद्या रस्त्यात जाऊ शकते आणि नव्या बांधकामाला तेवढी जागा सोडावी लागते. कॉलनीतल्या घरासाठी बिनशेती आदेश (शेतजमीन घरांसाठी वापरण्याची परवानगी), मंजूर लेआउट (भूखंडांचा नकाशा), बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधलेले घर राहण्यासाठी वापरण्याची मंजुरी) हे चारही कागद मूळ स्वरूपात पाहावेत. दोन्हीकडे तीस वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, वकिलाकडून करून घ्यावा.

आधी भाड्याने राहून पाहावे

जमत असेल त्यांनी खरेदीपूर्वी त्याच गल्लीत अकरा महिने भाड्याने राहावे. करार चैत्रात सुरू केला की उन्हाळ्याची पाणीटंचाई, पावसाळ्यातली गळती, गणेशोत्सव, दिवाळीचा बाजार आणि रथ, हे सगळे मुदतीत अनुभवता येते. दिवाळीनंतर सुरू केला तर सुखाचा हिवाळा आधी येतो आणि उन्हाळा येईपर्यंत मन बनून गेलेले असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करारात पाण्याची मोटार कोणी वापरायची, खालच्या टाकीतला वाटा किती आणि दुचाकी नेमकी कुठे लावायची, ही तीन कलमे स्वतंत्र ओळींत लिहून घ्यावीत. पेठेतले बहुतेक भाडेतंटे याच तीन गोष्टींवरून सुरू होतात.