ब्लॅक बेल्ट मिळाल्यावर या चुका टाळा

शोतोकान कराटेच्या वर्गात दर परीक्षेनंतर हेच होतं. शोदान (ब्लॅक बेल्टची पहिली पायरी) झालेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सर, आता उन्सू शिकवाल का?" उन्सू हा वरच्या पातळीचा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. स्पर्धेच्या व्हिडिओत त्यातली गोल फिरून घेतलेली उडी पाहिलेली असते. विचारणाऱ्याला आधी हेयान शोदान, म्हणजे पाच हेयान कात्यांपैकी पहिला, करायला लावावा. हालचाली फक्त २१, पण निम्म्याच्या आत पायांची गडबड उघडी पडते.

नवे काता गोळा करत सुटणं ही ब्लॅक बेल्टनंतरची सगळ्यात मोठी चूक. परीक्षेसाठी महिनोन्‌महिने बास्साई दाई हा काता घोटलेला असतो आणि तेवढ्या काळात पाचही हेयान गंजतात. हे तपासायला खडूचा तुकडा पुरतो. जमिनीवर फुली मारा, तिच्यावर उभे राहून हेयान शोदान सुरू करा. शेवटचा शुतो उके (उघड्या पंज्याचा बचाव) करून परत उभे राहाल तेव्हा पाय फुलीवरच यायला हवेत.

येत नसतील, तर चूक कुठे झाली हे फुलीच सांगते. या कात्यात पुढे जाताना तीन आगे उके (डोक्यावरचा बचाव) आहेत, परतताना तीन ओई झुकी (पाऊल पुढे टाकत मारलेले पंच). फुलीच्या हातभर पुढेच थांबलात, तर परतीची पावलं आखूड पडली. पंच जोरात बसावा म्हणून खांदा आधी पुढे जातो आणि पाय अर्ध्या वाटेत टेकतो. अशा वेळी हात कमरेवर ठेवून नुसती पावलं टाका. तीनही सारखी पडू लागली की मगच पंच जोडा.

फुलीच्या बाजूला सरकलात तर वळणं बघा. तिसऱ्या आगे उकेनंतर मागचा डावा पाय २७० अंशांतून फिरवायचा असतो. घाई केली की तो उजव्या पायाच्या रेषेत पडतो आणि माणूस डोंबाऱ्याच्या दोरीवर चालल्यासारखा उभा राहतो. पुढचा गुडघा आत कलतो, गेदान बराईत (हात खाली झाडून केलेल्या बचावात) दम राहत नाही. दोन पावलांमध्ये आडवं अंतर कमरेएवढं हवं. वळून झाल्यावर जोडीदाराला बाजूने खांद्यावर हलका दाब द्यायला सांगा. डगमगलात तर पाय अरुंद पडलाय. शेवटच्या चार शुतो उकेंत कोकुत्सु दाची ही उभं राहण्याची पद्धत आहे, वजन साधारण ७० टक्के मागच्या पायावर. धड न हलवता पुढचं पाऊल उचलता आलं पाहिजे. पूर्ण काता साधारण ४० सेकंदांचा. २५ सेकंदांत उरकत असेल तर ही चारही स्थानं नीट घेतलेलीच नाहीत.

रोज तीन वेळा सावकाश, एकदा पूर्ण जोर लावून, एवढं पुरे. शोदाननंतरचे पहिले सहा महिने नवा काता देऊच नये, या मताला आम्ही चिकटून आहोत. मुलं कुरकुरतात, कधीकधी पालकही. कुरकुरू द्यावं.

दुसरी चूक खंडानंतरची. आपल्याकडे ब्लॅक बेल्ट बहुधा नववी-दहावीच्या आसपास मिळतो आणि मग क्लास, बोर्ड, सुट्टी यांत सराव बंद पडतो. एका शाळेच्या हॉलमध्ये असाच एक मुलगा चार महिन्यांनी परतला. ज्युनियर बघत होते, म्हणून अंग गरम न करता थेट डोक्याच्या उंचीच्या मावाशी गेरी (बाजूने गोल फिरवून मारलेल्या किक) सुरू केल्या. फरशी खरबरीत होती, टेकलेला पाय चिकटून राहिला, कंबर मात्र फिरली. सगळा पीळ गुडघ्यात गेला. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजला आणि पुढचे कित्येक आठवडे वर्ग बंद.

या किकमध्ये टेकलेल्या पायाचं पाऊल निदान ९० अंश फिरलं पाहिजे, म्हणजे टाच लक्ष्याकडे वळते. परतल्यावर पहिले दोन आठवडे चुदानच्या (पोट-छातीच्या उंचीच्या) वर किक मारूच नका. भिंतीला हात टेकून चार मोजणीत करा: गुडघा वर, टेकलेलं पाऊल फिरवा, पाय सोडा, परत ओढा. प्रत्येक बाजूला दहा. गुडघा सुजला किंवा अडकला तर त्याच दिवशी थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. स्प्रे मारून सराव रेटू नका.

ज्युनियरसमोर "इची, नी, सान" (एक, दोन, तीन) मोजणं हा स्वतःचा सराव धरू नका. शिकवण्याच्या वेळेखेरीज आठवड्यात निदान दोन वेळा मागच्या रांगेत उभं राहून घाम गाळावा.

फक्त पॉइंटची कुमिते (समोरासमोरची लढत) खेळणाऱ्यांचा हिकिते, म्हणजे पंच मारताना दुसरा हात कमरेशी मागे ओढणं, आधी सुटतो. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत पंचला १ गुण आणि डोक्यावरच्या किकला ३, त्यामुळे स्पर्श करून मागे सटकायची सवय लागते. आठवड्यातून एकदा बॅगवर २० ग्याकु झुकी (मागच्या हाताचे पंच) मारा, सावकाश. मनगट वाकलं तर तो पंच पोकळ होता.

भिंतीवर मुठी आपटू नका.

आणि निदानचा, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या दुसऱ्या पायरीचा, फॉर्म भरण्याआधी बुंकाई (कात्यातल्या हालचालींचा जोडीदारावर वापर) तपासून घ्या. जोडीदाराला खरी माए गेरी (सरळ समोरची किक) मारायला सांगा, आधी निम्म्या वेगाने. तुमचा गेदान बराई त्याच्या नडगीवर आदळत असेल तर तुम्ही समोरच उभे राहिला आहात. अर्धं पाऊल तिरकं सरका आणि पाय बाजूने झाडा. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा जमलं की मग वेग वाढवा.