दार्जिलिंगला जाता-जाता कोलकात्यात दोन दिवस कसे घालवावेत

नागपूर, पुणे, मुंबईहून रेल्वेने दार्जिलिंग-सिक्कीमला निघालेली मंडळी कोलकात्यात बहुधा फक्त गाडी बदलतात. हावड्याला उतरायचं, टॅक्सीत सामान कोंबायचं आणि सियालदह गाठायचं. मधे एक मुक्काम केला तर हे शहर अगदी थोडक्या वेळातही भरभरून देतं. त्यासाठी थोडी आखणी मात्र घरूनच करून निघावी लागते.

१. तिकिटावरचं स्टेशन नीट वाचा. कोलकात्याला हावडा, सियालदह, शालिमार आणि ‘कोलकाता’ (म्हणजे चितपूर) अशी चार मोठी स्टेशनं आहेत. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी शालिमार एक्सप्रेस हावड्याला जात नाही, आणि दार्जिलिंग मेल रात्री सियालदहहून सुटते. लांबच्या गाड्यांना उशीर होतो हे धरून पुढचं तिकीट दुसऱ्या दिवशी रात्रीचं काढा. त्याच दिवशीची जोडणी पकडायचा धोका लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असताना तर मुळीच पत्करू नये.

२. सोमवार टाळा. इंडियन म्युझियम, व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं आणि जोडासांकोचं ठाकूरवाडा संग्रहालय (रवींद्रनाथ टागोरांचा वाडा) सोमवारी बंद असतं. पहिल्या खेपेला मी नेमकी सोमवारी पोहोचले होते आणि ठाकूरांच्या वाड्याच्या फाटकावरूनच परत फिरावं लागलं. ती रुखरुख पुढची तीन वर्षं मनात होती.

३. घड्याळ तेच, दिवस वेगळा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. कोलकाता मुंबईच्या इतकं पूर्वेला आहे की तिथे सूर्य साधारण तासभर आधी उगवतो आणि तासभर आधीच मावळतो. डिसेंबरात पाचच्या आतच सूर्यास्त होतो. ‘चार वाजता निघू, ऊन उतरेल’ हा आपला हिशेब तिथे चालत नाही. पहाटे साडेपाचला उठून सहाला बाहेर पडा आणि भर दुपारी खोलीवर विश्रांती घ्या.

४. मुक्काम धर्मतळ्याला करा. एस्प्लनेडचं हे बंगाली नाव. मेट्रोच्या दोन महत्त्वाच्या मार्गिका इथे एकमेकींना भेटतात. एक हावडा आणि सियालदहला जाते, दुसरी दक्षिणेश्वरपासून शोभाबाजारमार्गे मैदानाकडे. म्हणजे या लेखातल्या बहुतेक जागांना टॅक्सीची गरजच उरत नाही. हावडा ते एस्प्लनेड ही मेट्रो हुगळी नदीच्या तळाखालून जाते. मार्च २०२४ मध्ये ती सुरू झाली. नदीखालचा सुमारे ५२० मीटरचा टप्पा जेमतेम पाऊण मिनिटात सरतो, बोगद्याच्या भिंतींवर निळे दिवे दिसू लागले की मुलांना सांगा.

५. पहिला दिवस नदीला आणि उत्तर कोलकात्याला द्या. सामान हॉटेलात टाकून, किंवा कुलूप लावून स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून, हावडा स्टेशनसमोरच्या घाटावर या. फेरीबोटीचं तिकीट किरकोळ असतं. १९४३ मध्ये खुला झालेला हावडा पूल नट-बोल्टांशिवाय, रिव्हेट ठोकून जोडलेला आहे, आणि त्याची अवाढव्यता खालून, पाण्यावरूनच कळते. सकाळी लवकर पोहोचलात तर पुलावरून चालत पलीकडे जा. पायथ्याशीच मल्लिक घाटाचा फुलबाजार आहे. झेंडूच्या माळांची वेटोळी डोक्यावर घेतलेली माणसं धावत असतात, त्यांच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नका.

बागबाजारकडे जाणाऱ्या फेरीने शोभाबाजारला उतरलं की कुमारटुली ही मूर्तिकारांची वस्ती जवळच. आपल्याकडे पेण, तसं तिथे कुमारटुली. बांबू आणि पेंढ्याचा सांगाडा, त्यावर गंगेची माती, शेवटी देवीचे डोळे. श्रावण-भाद्रपदात गेलात तर गल्लोगल्ली अर्धवट दुर्गा उभ्या दिसतील. कारागिरांना विचारून आत जा, ओल्या मातीला हात लावू नका.

तिथून रवींद्र सरणीने दक्षिणेला चालत निघा, वाटेत कुठेही कचोरी आणि आलूर तरकारी खा, अर्ध्या-पाऊण तासात जोडासांको येतं. रवींद्रनाथ १८६१ मध्ये इथेच जन्मले आणि १९४१ मध्ये इथेच गेले. १८७८ मध्ये विलायतेला जाण्याआधी ते मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते, हे आठवून वाडा पाहिला की तो थोडा आपलाही वाटतो. संध्याकाळ कॉलेज स्ट्रीटच्या जुन्या पुस्तकांत जाऊ द्या. रविवारी मात्र तिथली बरीच दुकानं बंद असतात.

६. दुसऱ्या दिवशी एकच दिशा धरा. वडीलधारी बरोबर असतील तर सकाळच्या मेट्रोने दक्षिणेश्वर आणि तिथून होडीने बेलूर मठ. दोन्ही ठिकाणी दुपारी मंदिरं बंद होतात, म्हणून हे सकाळीच उरका. नाहीतर इंडियन म्युझियम आणि व्हिक्टोरिया. दोन्ही दिशा एका दिवसात कोंबू नका, सायन्स सिटी आणि प्राणिसंग्रहालय तर पुढच्या खेपेसाठी सोडून द्या.

७. शाकाहारींनी ‘निरामिष’ हा शब्द पाठ करावा. लुची, छोलार डाल, बेगुन भाजा मागा. पाव-बिस्किटांवर दिवस काढायची गरज नाही. हिवाळ्यात नोलेन गुडाचा, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचा, संदेश ही मिठाई चुकवू नका. पुढच्या प्रवासाला कोरडा संदेश घ्या, रसगुल्ला डब्यात सांडतो.

८. रात्री गाडीच्या तासभर आधी सियालदह गाठा. स्टेशनबाहेरचा सर्क्युलर रोड म्हणजे बुजवलेला ‘मराठा डिच’. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा घाबरलेल्या शहराने १७४२ मध्ये हा खंदक खणायला घेतला. तो कधी पुरा झाला नाही आणि मराठे कोलकात्यापर्यंत आलेही नाहीत. पण फौजांनी गावं लुटली होती, जाळली होती. आपल्या ‘बारगीर’चा तिथे ‘बर्गी’ झाला आणि मुलांना निजवताना त्याची भीती घालायची रीत पडली. कुणी बंगाली सहप्रवाशाने गाडीत हा विषय काढला तर त्याचं सगळं ऐकून घ्या.