ऑनलाइन भाव दुकानात मागताना

ऑनलाइन दिसलेला भाव दुकानदाराने द्यावाच, असा कायदा नाही. एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, एवढंच बंधन आहे. त्याखालचा भाव दुकानदाराच्या मर्जीवर. पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार तपकीर गल्ली असो की मॉलमधलं मोठं शोरूम, नुसता स्क्रीनशॉट दाखवून काम होत नाही. तयारी अशी करा:

१. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. टीव्ही, फ्रिजमध्ये एका अक्षराच्या फरकाने माल वेगळा निघतो आणि बोलणं तिथेच संपतं.

२. अ‍ॅपवर पुण्याचा पिनकोड टाका. माल शिल्लक आहे का आणि विक्रेता कोण, ते बघा. अनोळखी विक्रेत्याचा भाव दुकानं सहसा मानत नाहीत.

३. बँक कार्डाची सूट आणि एक्स्चेंजची रक्कम वगळून मूळ भाव काढा. बहुतेक वाद इथेच होतात, कारण गिऱ्हाईक सगळ्या सवलती धरून आकडा सांगतं. तुमच्या कार्डावर दुकानातही सूट असेल तर तिचा विषय भाव ठरल्यावर काढा.

४. सेल्समनला ठरावीक मर्यादेपर्यंतच सूट देता येते. त्यापुढे थेट मॅनेजरशी, शक्यतो वर्दळ नसताना, बोला.

भाव अडलाच तर डिलिव्हरी, टीव्हीचा स्टँड किंवा एसीचा जादा तांब्याचा पाइप फुकट मागा. रोख सूट देण्यापेक्षा हे त्यांना सोपं जातं.

बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणाले तर घेऊ नका. सीरियल नंबर टाकलेलं जीएसटी बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी अडकाल.