टेंडरपासून शेवटच्या बिलापर्यंत: कामाचे कागद कसे लावायचे

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ (टक्केवारी दराच्या करारनाम्याच्या) नमुन्यातलं एखादं लहान काम धरा: शाळेच्या चार खोल्या किंवा आरोग्य उपकेंद्र. वाद होतो तो बहुतेक वेळा एवढ्यावरच, की निविदेत काय होतं, आणि ते कोणी, कधी, कोणत्या कागदाने बदललं. ठेकेदाराच्या फायलींची मांडणी या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत देणारी हवी. रंगीत लेबलं नंतर लावा.

सुरुवात निविदा संचापासून. महाटेंडर्सवर (राज्य शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर) निविदा भरण्याची मुदत संपेल त्याच दिवशी निविदा सूचना, बी-१ पुस्तिका, शेड्यूल बी (आयटम, परिमाणं आणि दरांचा तक्ता), नकाशे, सगळी शुद्धिपत्रकं, निविदापूर्व बैठकीनंतर निघालेला सीएसडी (कॉमन सेट ऑफ डेव्हिएशन्स, म्हणजे निविदेतल्या बदलांचं पत्रक), आपण भरलेला दर आणि निविदा सादर केल्याची पोच, असं सगळं एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. निविदा उघडली गेली की चालू यादीतून ते काम हलतं, मग शोधाशोध होते. हे फोल्डर फक्त वाचण्यापुरतं ठेवा. खुणा, टिपणं, पेन्सिलीच्या नोंदी वेगळ्या कामाच्या प्रतीवर. सीएसडीकडे विशेष लक्ष द्या: पुस्तिकेत जुनंच कलम छापलेलं राहतं आणि बदल सीएसडीच्या एका ओळीत असतो. म्हणून कामाच्या प्रतीत त्या कलमाशेजारी ‘सीएसडी मुद्दा अमुक’ असं लिहून टाकावं.

करारनाम्याची सही झालेली प्रत हातात आली की ती या संचाशी पानोपान ताडून पाहा, निदान शेड्यूल बीतली परिमाणं तरी. फरक दिसला तर काम सुरू करण्याआधी पत्र द्या आणि जावक क्रमांकासह पोच घ्या. पहिलं बिल निघाल्यावर हाच फरक दाखवला तर कोणी ऐकत नाही.

आता नकाशे. निविदेसोबतचा नकाशा दर भरण्यापुरता असतो, त्यावर खोदाई करू नये. बांधकामासाठी मंजूर असा शिक्का आणि सही असलेलाच नकाशा साइटवर जावा. नकाशांच्या नोंदवहीत नकाशा क्रमांक, रिव्हिजन (सुधारणेचा क्रमांक: आर०, आर१, आर२), मिळाल्याची तारीख, कोणत्या पत्रासोबत आला, प्रत कोणाला दिली आणि जुनी प्रत परत आली का, इतके रकाने पुरतात. शेवटचा रकाना लोक वगळतात आणि नुकसान तिथंच होतं. बारबेंडरच्या (सळ्या कापून वाकवणाऱ्याच्या) खिशात आर१ घडी करून असतो, कार्यालयात आर२ लागलेला असतो, आणि सळ्या आर१प्रमाणे कापल्या जातात. परत आलेल्या प्रतीवर लाल तिरकी रेघ मारून ‘रद्द’ लिहा, पण फाडू नका. आधी काय होतं याचा पुरावा तीच आहे.

फायलीचं नाव ‘एस-०४_आर२_२०२५-०६-१४’ असं ठेवलं, म्हणजे वर्ष, मग महिना, मग दिवस, तर यादी आपोआप क्रमाने लागते. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ ही नावं कार्यालयात बंदच करा. व्हॉट्सअॅपवर नकाशाचा फोटो येतो तेव्हा कोपऱ्यातली चौकट बहुधा कापलेली असते, त्यामुळे रिव्हिजन दिसतच नाही. चौकट नसलेल्या फोटोवर काम करायचं नाही. तोंडी सूचना मिळाली तर ती साइट ऑर्डर बुकात लिहून घ्या. तेवढं होत नसेल तर ‘आज साइटवर दिलेल्या सूचनेनुसार’ असं पत्र त्याच संध्याकाळी पाठवा.

एक बदल शेवटपर्यंत नेऊन पाहू. एफ३ फूटिंग (खांबाखालचा पाया) आर०मध्ये १.८ × १.८ मीटर, जाडी ४५० मिमी. खड्ड्यात माती मऊ लागली म्हणून आर१मध्ये २.१ × २.१ मीटर, जाडी ५०० मिमी. अशा १२ फूटिंग. एकीचं काँक्रीट १.४५८ घनमीटरवरून २.२०५ झालं, म्हणजे एकूण वाढ ८.९६ घनमीटर. शेड्यूल बीत या आयटमचं परिमाण ३० असेल आणि बाकी काही बदललं नसेल, तर एकूण ३८.९६ होतं. १२५ टक्क्यांची मर्यादा ३७.५. वरच्या १.४६ घनमीटरसाठी कलम ३८ (परिमाण या मर्यादेपलीकडे वाढल्यास लागू होणारं) उघडावं लागतं, आणि दर कसा ठरेल ते तुमच्या करारनाम्यातल्या शब्दांवर अवलंबून असतं. खोदाई, पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट), सळई हे आयटमही वाढतात. त्यांचा हिशेब वेगळा.

यासाठी बदलांची वेगळी नोंदवही ठेवा. एका बदलाला एक क्रमांक, त्यापुढे जुना-नवा नकाशा, आदेशाचं पत्र, प्रभावित आयटम, वाढ-घट, एमबीचं (मोजमाप पुस्तिकेचं) पान आणि आरए (चालू) बिल क्रमांक. शेड्यूल बीत नसलेलं काम असेल तर एक्स्ट्रा आयटमचा दर मंजूर झाल्याचं पत्रही याच ओळीत. वेळेचा रकाना विसरू नका: कलम ६ प्रमाणे मुदतवाढीचा अर्ज अडथळा आल्यापासून ३० दिवसांत किंवा कामाची मुदत संपण्यापूर्वी, जे आधी असेल तेव्हा, द्यावा लागतो. मंजुरी लांबली तरी अर्जाची तारीख उरते.

क्यूबचे (काँक्रीटच्या चाचणी-ठोकळ्यांचे) रिपोर्ट तारखेने लावण्यापेक्षा काँक्रीटच्या जागेने लावलेले बरे. आयएस ४५६ प्रमाणे ६ ते १५ घनमीटरला २ नमुने, ३१ ते ५० ला ४, आणि प्रत्येक नमुन्यात ३ क्यूब. २८ दिवसांचा निकाल बहुधा बिल गेल्यावर येतो. एमबीचं पान रिपोर्टवर लिहिलेलं असेल तर तो योग्य फायलीत जातो. खडी-वाळूच्या रॉयल्टी पावत्या मात्र बिलागणिक लावा, कारण वजावट बिलातून होते.

काम संपलं म्हणून गठ्ठे बांधून माळ्यावर टाकू नका. जीएसटीच्या हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. लवाद किंवा दावा चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत. अंतिम बिल, सुरक्षा अनामत परत मिळाल्याचा कागद आणि प्रत्यक्ष बांधकामाचे नकाशे हे तीन मात्र वेगळ्या जाड पाकिटात. दुरुस्तीच्या दायित्वकाळात गळतीची तक्रार आली की पहिल्यांदा तेच लागतात.