ग्रोथ हॉर्मोन कमी आहे का? आधी वाढीचा वेग मोजा

वर्गाच्या रांगेत मूल सगळ्यात पुढे उभं असतं, एवढ्यावरून काही ठरत नाही. आई-वडील बुटके असतील तर ठेंगणं मूलही ठणठणीत असू शकतं. बघायचा असतो तो वेग. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतं. त्याहून बरंच कमी वाढत असेल तर तपासायलाच हवं.

मला पहिली खूण दिली ती लेकाच्या शाळेच्या पँटने. दोन वर्षांत खालची दुमड एकदाही उसवावी लागली नाही, कंबरेचं हूक मात्र लागेना. खाणं कमी पडलं की आधी वजन घटतं. इथे पोट गुबगुबीत आणि उंची अडलेली, म्हणजे ग्रोथ हॉर्मोन (उंची वाढवणारं हॉर्मोन) कमी असल्याची शंका. असं दिसलं की उंची वाढवायच्या पावडरी आणि बारला लटकवणं बंद करा. त्यात फक्त महिने जातात.

मोजणं. माझं एक वर्ष इथेच वाया गेलं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा होत्या. कधी मी केलेल्या, कधी आजोबांनी, कधी सकाळी, कधी झोपायच्या आधी. संध्याकाळपर्यंत उंची सेंटीमीटरभर कमी भरू शकते हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्या खुणांवरून वाटायचं, वाढतोय की! पुढे नीट मोजलं तेव्हा अख्ख्या वर्षाची वाढ साडेतीन सेंमी निघाली.

भिंतीखाली फरशीची पट्टी असेल तर ती भिंत नको, टाच मागे टेकत नाही. शिंप्याची टेपही नको, ती ताणली जाते. सुताराची लोखंडी टेप भिंतीला पक्की चिकटवा. मूल अनवाणी, वेण्या सोडलेल्या. टाचा, कुल्ले, पाठ टेकलेली. नजर सरळ समोर, हनुवटी वर नाही. डोक्यावर गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात दाबून धरा. तीनदा मोजा, सरासरी वहीत लिहा. दर वेळी त्याच माणसाने, सकाळीच मोजायचं.

आणि तीन महिन्यांच्या फरकाला चारने गुणून वर्षाचा वेग काढू नका. मोजण्यात अर्ध्या सेंमीची चूक झाली तर वर्षाच्या हिशोबात ती दोन सेंमी होते. दोन नोंदींत किमान सहा महिने हवेत, वर्ष असेल तर उत्तम.

"बापावर गेलाय, उशिरा वाढेल." हे खरंही असू शकतं, म्हणूनच ते घातक आहे. उशिरा वाढणाऱ्या मुलाचं हाडांचं वय (हाडं किती पक्की झाली त्यावरून ठरणारं वय) मागे असतं, हॉर्मोन कमी असलेल्याचंही असतं. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून दोघं वेगळी काढता येत नाहीत. पण उशिरा वाढणाऱ्याची वर्षाची वाढ जवळपास ठीक असते. तुमची वही इथे कामाला येते. डॉक्टरांकडे जाताना ती न्याच.

तपासण्या. मुलांच्या हॉर्मोनतज्ज्ञाकडेच जा. थायरॉईड, सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार), किडनी, रक्तक्षय आधी बघतात. मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोमही (मुलींमधला गुणसूत्राचा जन्मजात दोष). हॉर्मोन शरीरात लाटांसारखं सुटतं, जास्त करून गाढ झोपेत. त्यामुळे दिवसा कधीतरी एकदाच रक्त घेऊन केलेल्या ग्रोथ हॉर्मोनच्या तपासणीला अर्थ नाही. हॉर्मोन सुटावं म्हणून औषध देऊन, दोन-तीन तास थोड्या थोड्या वेळाने रक्त घेतात. बहुधा दोन वेगवेगळ्या औषधांनी. मूल उपाशीपोटी असतं. त्यातलं क्लोनिडिन दिलं तर बीपी उतरतं, मूल पेंगतं. त्याला स्कूटरवर घरी आणू नका. कमतरता ठरली की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय.

ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन. सहसा रोज रात्री, कातडीखाली, जागा बदलत. इंजेक्शनचं पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत. एकदा गोठलं की फेकायचं. पहिल्या वर्षी ८ ते १० सेंमी वाढ दिसू शकते. मूल लंगडायला लागलं, गुडघा-मांडी दुखली किंवा डोकेदुखीबरोबर अंधुक दिसू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.