अलास्कातली जुनी सोन्याची खाण घेताना
अलास्काच्या रानात शंभर वर्षांपूर्वीची सोन्याची खाण, सोबत लाकडी खोपट आणि ओढा, असं काही विकायला आहे म्हटलं की मन हरखतं. पण आधी एकच विचारा: क्लेम, म्हणजे खाणीच्या जागेवरचा दावा, ‘पेटंटेड’ आहे का, म्हणजे सरकारने त्या जमिनीची मालकी लिहून दिली आहे का? १८७२ च्या खाण कायद्याखाली पेटंट मिळालेली जमीन खरोखर मालकीची असते. केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या अनपेटंटेड क्लेममध्ये मिळतो तो फक्त खनिजावरचा हक्क. वार्षिक शुल्क १ सप्टेंबरपर्यंत भरलं नाही, तर तोही जाऊ शकतो. १९९४ पासून नवे पेटंट अर्ज घेणं बंद आहे, तेव्हा ‘पेटंट नंतर करून घेऊ’ या बोलण्यावर एक डॉलरही देऊ नका.

मला जास्त काळजी वाटते ती पाऱ्याची. दगड कुटून सोनं काढणाऱ्या जुन्या गिरण्यांत पारा सर्रास वापरत. तो मातीत अजून असू शकतो, आणि विषारी प्रदूषणाच्या सफाईसाठीच्या १९८० च्या अमेरिकी सुपरफंड कायद्याने सफाईचा खर्च आजच्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो. म्हणून पर्यावरण तपासणी खरेदीखताच्या आधीच करून घ्या. नंतरची तपासणी कायदेशीर बचावाला उपयोगी पडत नाही.

आणि बोगद्यात शिरू नका. टेकू कुजलेले असतात, आत प्राणवायूही कमी असू शकतो.